सातबाऱ्यावर नागरिकत्वाचा रकाना नसतो

सातबारा वाचायची सवय मराठवाड्यातल्या माणसाला लहानपणीच लागते. गट नंबर, क्षेत्र, पोटखराबा, आकार, खातेदाराचं नाव, त्यापुढे कंसात फेरफाराचा नंबर, ‘इतर हक्क’मध्ये सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा. खाली बाराच्या भागात सोयाबीन, तूर, ऊस, पडीक. एवढ्याशा कागदावर तीन पिढ्यांची भांडणं मावतात. पण खातेदार कोणत्या देशाचा नागरिक आहे, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं युसूफ वडगाव हे नागरिकत्वाचा विचार करायला मला चांगलं ठिकाण वाटतं. दिल्लीतल्या चर्चासत्रात हा विषय ‘डायस्पोरा’ नावाच्या गुळगुळीत शब्दात गुंडाळून येतो. केज तालुक्यात तो सरळ येतो: पोराचं नाव लागलं का सातबाऱ्यावर? आणि लागलं, तर ते राहील का?

इथून माणसं बाहेर जाणं नवं नाही. दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ती परत येतात, म्हणून त्यांच्याबद्दल असा प्रश्न कुणी विचारत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुसरीही एक वाट पडली. औरंगाबाद नाहीतर पुण्याला इंजिनिअरिंग, मग हिंजवडी, मग कंपनीच्या कामानं अमेरिका. या वाटेनं गेलेल्या पोराचं एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतलं आहे, पण त्यातलं कलम न् कलम खरं आहे. आजोबा निजामाच्या राज्यात जन्मलेले. वडील शेती करणारे, नऊ एकर, त्यातली चार बागायती. दोन मुलं. थोरला गावात, धाकटा न्यू जर्सीत.

धाकट्याला ग्रीन कार्ड मिळायलाच बरीच वर्षं गेली, कारण अमेरिकेच्या कायद्यात दरवर्षी दिल्या जाणाऱ्या अशा कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांहून जास्त कार्डं एका देशात जन्मलेल्यांना देता येत नाहीत आणि भारताची रांग फार लांब आहे. ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी तिथलं नागरिकत्व मागता येतं. तो ते का मागतो? गावात याचं उत्तर ठरलेलं असतं: पैसा. पण बऱ्याच घरांत खरं कारण आई असते. ग्रीन कार्डवाल्याला आईवडिलांना कायमचं तिकडे नेता येत नाही. त्यासाठी तिथला नागरिकच असावं लागतं. म्हणून पोरगा शपथ घेतो, आईसाठी अर्ज भरतो आणि आई पहिल्याच हिवाळ्यात म्हणते, मला माझ्या गावी पोचव. ती भारतीय म्हणूनच परत येते. पोराचं भारतीयत्व मात्र त्या शपथेच्या दिवशी संपलेलं असतं.

हे कसं घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. अमेरिकी शपथेत आधीच्या साऱ्या निष्ठा सोडल्याचं वाक्य आहे. पण तेवढ्यानं अमेरिका तुमचा जुना पासपोर्ट मागत नाही. दोन देशांचे नागरिक तिथे पुष्कळ आहेत. दार बंद होतं ते आपल्या बाजूनं. राज्यघटनेचं कलम ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ मधलंही कलम ९ (आकडा एकच, हा योगायोग) सांगतं की स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी कुणी आदेश काढत नाही, नोटीस येत नाही, सुनावणी होत नाही. पोरगा सभागृहात हात वर करून उभा असतो, शेवटचं वाक्य म्हणतो, आणि खिशातला निळा पासपोर्ट त्या क्षणी निकामी होतो. पुढचं सगळं नुसतं आवरणं असतं: पासपोर्ट जमा करायचा, फी भरायची, ‘रद्द’चा शिक्का मारून तो परत येतो आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट. नागरिकत्व त्याआधीच गेलेलं असतं. परराष्ट्र मंत्रालयानं संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८.

आजोबांचं याच्या नेमकं उलट झालं. ते शिवार सोडून कुठे गेले नाहीत. राज्यंच त्यांच्या अंगावरून गेली. जन्म झाला तेव्हा ते आसफजाही रयत होते. गावात चालणारा हाली सिक्का इंग्रजी राज्यातल्या रुपयाहून वेगळा, टपाल वेगळं, नोकरीत ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असा भेद. अंबाजोगाईचं नाव कागदोपत्री मोमिनाबाद. तिथल्याच योगेश्वरी शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाकडे वळले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. घटनेतली नागरिकत्वाची कलमं २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच, म्हणजे प्रजासत्ताकाच्या दोन महिने आधी लागू झाली. आजोबा भारतीय नागरिक झाले ते असे, बांधावर उभ्या उभ्या. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कुणी त्यांना शपथ दिली नाही की अर्ज भरून घेतला नाही.

पण त्याच सुमारास काही माणसं हललीही होती, आणि भारताच्या नागरिकत्व कायद्याला जो आखडूपणा आहे तो तिथून आला असं माझं मत आहे. फाळणीनंतर आणि हैदराबादच्या पोलीस कारवाईनंतर संस्थानातली काही मुसलमान कुटुंबं पाकिस्तानात गेली. काही गेली ती परतली, काही अर्धी गेली आणि अर्धी राहिली. घटनेच्या कलम ७ नं १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्याला नागरिक मानलं नाही. कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर परतलेल्यांचा तेवढा अपवाद ठेवला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा मूळचा लातूरचा वकील. तुरुंगवास संपल्यावर १९५७ मध्ये त्याला पाकिस्तानात निघून जाण्याच्या बोलीवर सोडलं आणि तो १९७० मध्ये कराचीत वारला. ते टोकाचं उदाहरण. कोर्टात आली ती बहुतेक साधी माणसं होती: भावाला भेटायला गेली, अडकली, परतायला कागद हवा म्हणून पाकिस्तानी पासपोर्ट घेतला आणि गावी आल्यावर परदेशी ठरली.

अशा लोकांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये ‘इझहार अहमद खान’ खटल्यात निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिलं. १९५६ च्या नियमांत तरतूद होती की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला, तर तोच तिथलं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतल्याचा निर्णायक पुरावा. ही तरतूद न्यायालयानं वैध ठरवली. पासपोर्ट का घेतला, घाबरून की नाइलाजानं, हे विचारायची सोयच उरली नाही. हा नियम २००९ च्या नव्या नियमांतही आला. गजेंद्रगडकर कामगारांच्या बाजूचे उदार न्यायाधीश म्हणून ओळखले जात. पण फाळणीची धूळ बसलेली नव्हती आणि निकालावर तिचा थर दिसतो. कराचीसाठी आखलेली ही रेघ आज न्यू जर्सीतल्या इंजिनिअरला तशीच लागू होते. तिकडे गेलेला आणि इकडे आलेला यांच्याबद्दलचा जुना संशय कलमात राहिला, माणसं बदलली.

बदलाचा प्रयत्न झाला नाही असं नाही. लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीनं जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला आणि दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. ९ जानेवारी २००३ च्या पहिल्या प्रवासी भारतीय दिनी पंतप्रधान वाजपेयींनी तशी घोषणाही केली, टाळ्या पडल्या. मग कायद्यातून बाहेर आलं ते ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. नाव मोठं, हातात आयुष्यभराचा व्हिसा. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, न्यायाधीशपद नाही. २०१५ च्या दुरुस्तीनं तर कायद्यानंच या लोकांना ‘कार्डधारक’ केलं. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी सांगितली आणि वैद्यकीय प्रवेशात या मुलांना एनआरआय जागांपुरतं ठेवलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही अट फक्त पुढच्या मुलांना लागू केली, आधी जन्मलेल्यांना वाचवलं. ऑगस्ट २०२५ पासून दोन वर्षांहून कमी नसलेली शिक्षा झाली, किंवा सात वर्षांहून कमी नसलेल्या शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं, तरी कार्ड रद्द होऊ शकतं. नुसत्या आरोपपत्रावर! नागरिकाचं नागरिकत्व असं जात नाही. कार्डाचं तेवढंच आहे: ते दिलेलं असतं.

आता परत सातबाऱ्याकडे येऊ.

वडिलांना वाटतं, डोळे मिटायच्या आत वाटणी करून टाकावी. धाकट्याच्या नावे साडेचार एकराचं बक्षीसपत्र करायला ते निघतात. इथे अडतं. परकीय चलनाच्या, म्हणजे ‘फेमा’च्या नियमांप्रमाणे परदेशी राहणारा माणूस शेतजमीन विकत घेऊ शकत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेऊ शकत नाही, मग तो भारतीय पासपोर्टवाला एनआरआय असो की ओसीआयवाला. वारसा हक्कानं मात्र ती येऊ शकते. म्हणजे वडील हयात असेपर्यंत देऊ शकत नाहीत, गेल्यावर देतात. मृत्यूनंतर वारस नोंदीचा अर्ज, गाव नमुना सहा-क मध्ये नोंद, मग फेरफार, हरकतीची मुदत, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि धाकट्याचं नाव भावाच्या शेजारी सातबाऱ्यावर येतं. पासपोर्ट कोणत्या रंगाचा, हे तो कागद विचारत नाही. पुढे विकायचीच झाली, तर शेतजमीन भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, आणि मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० लागू असल्यानं घेणारा शेतकरी असावा लागतो. म्हणजे गिऱ्हाईक बहुधा चुलतभाऊच. वारशाचे पैसे बाहेर न्यायचे, तर एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरची मर्यादा आहे. केज तालुक्यात साडेचार एकराला ती मर्यादा त्रास देणार नाही!

एनआरआय आणि ओसीआय यांच्यातला फरक लांबून दिसत नाही. तो दिसतो घरी परतल्यावर. भारतीय पासपोर्ट ठेवून वीस वर्षं बाहेर राहिलेला माणूस गावात येऊन राहिला की पुन्हा पुरता गाववाला होतो: मतदार आहेच, शेत घेऊ शकतो, सरपंचपदाला उभा राहू शकतो. ओसीआयवाल्याच्या हक्कांच्या यादीत शेतजमिनीची खरेदी नाही, मत तर नाहीच. मतदार यादीत त्याचं जुनं नाव बरेचदा तसंच पडलेलं असतं, कारण ते कुणी काढायला जात नाही. पण त्या नावानं मत टाकणं हा गुन्हा आहे, आणि गावच्या राजकारणात हे कुणाच्या तरी नेमकं लक्षात येतं. पीएम-किसानच्या हप्त्यातून तर प्राप्तिकराच्या दृष्टीनं अनिवासी असलेला शेतकरी आधीच वगळला आहे. आधार कार्ड काढायचं, तर ओसीआयवाल्यानं बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं.

मग धाकट्याला पुन्हा भारतीय व्हायचं असेल तर? वाट आहे, पण ती परतीची म्हणून बांधलेली नाही. कायद्यात ‘गेलं ते परत द्या’ असा सरळ अर्ज नाही. तो परका म्हणून नोंदणीचा अर्ज करतो. कलम ५(१)(जी) खाली पाच वर्षं ओसीआय कार्ड असलं पाहिजे आणि अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने भारतात राहिलेलं असलं पाहिजे. जो स्वतः किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक जण आधी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, त्याच्यासाठी वेगळं पोटकलम आहे. तिथेही बारा महिने. शेवटी निष्ठेची शपथ आणि परदेशी नागरिकत्व सोडायची तयारी. अक्षय कुमार कॅनडाचा नागरिक होता. १५ ऑगस्ट २०२३ ला त्यानं भारतीय नागरिकत्वाचा कागद समाजमाध्यमांवर टाकला, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की असं परतता येतं.

मुलांची गोष्ट याहून चिमटा काढणारी आहे. कलम ८ मध्ये एक सोय आहे: आईवडिलांनी नागरिकत्वाचा त्याग जाहीर केला आणि त्याबरोबर अज्ञान मुलाचंही गेलं, तर सज्ञान झाल्यापासून वर्षाच्या आत ते मूल नुसत्या घोषणेनं भारतीयत्व परत घेऊ शकतं. एका तमिळ दांपत्यानं डिसेंबर १९९८ मध्ये सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं. आई तेव्हा गरोदर होती. मुलगा मार्च १९९९ मध्ये जन्मला. अठरा वर्षांचा झाल्यावर त्यानं ही सोय मागितली. मद्रास उच्च न्यायालयानं गर्भाचा हक्क मानून ती दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती काढून घेतली: आईवडिलांनी कलम ८ खाली त्यागपत्र दिलंच नव्हतं, त्यांचं नागरिकत्व कलम ९ नं आपोआप गेलं होतं, म्हणून मुलाला कलम ८ ची सोय नाही. कायद्याच्या अक्षरानं निकाल बरोबर आहे. पण बाहेर गेलेले जवळपास सगळेच कलम ९ नं जातात, त्यामुळे मुलांसाठी ठेवलेलं हे दार प्रत्यक्षात भिंतीवरचं चित्र आहे.

गोव्यात हा खेळ उलट्या बाजूनं चालतो. तिथे माणसं जुनं नागरिकत्व परत मिळवतात, पण ते जुनं म्हणजे पोर्तुगालचं. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. मार्च १९६२ च्या केंद्राच्या आदेशानं तिथे जन्मलेले लोक भारतीय झाले. नको असेल त्यानं महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. मोन्सिन्योर सेबास्तियाँव मोंतेरो या धर्मगुरूंनी पोर्तुगीजच राहणार असं कळवलं आणि पुढे राहण्याचा परवाना संपल्यावरही गोवा सोडला नाही. त्यांच्यावर खटला झाला, जिनिव्हा करारापर्यंतचे युक्तिवाद झाले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं अपील फेटाळलं. जन्मभूमीत राहायचं, पण नागरिकत्व दुसऱ्याचं, हे चालणार नाही असा त्याचा रोकडा अर्थ.

पोर्तुगालनं मात्र हिशोब मिटवला नाही. १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेले, त्यांची मुलं, नातवंडं यांचा हक्क त्यांचा कायदा मानतो. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात आजोबाचा जन्म नोंदवायचा, मग बापाचा, मग आपला. आजोबाच्या जन्मदाखल्यावर नातवाची लंडनवारी! ब्रेक्झिटपूर्वी हजारो गोंयकार या पासपोर्टवर इंग्लंडला पोचले. स्विंडन शहरात त्यांची वस्तीच झाली. ज्यांनी पोर्तुगीज कागद मिळाल्यावरही भारतीय पासपोर्ट वापरला, त्यांचे पासपोर्ट सरकारनं रद्द केले, आणि मग सरेंडर सर्टिफिकेटाअभावी ओसीआय कसं मिळणार हा वाद विधानसभेपासून दिल्लीपर्यंत गाजला. बार्देशातल्या आणि सासष्टीतल्या कुटुंबांना हे तपशील तोंडपाठ आहेत.

परत येण्याची एक जुनी मराठी गोष्ट बेने इस्रायलांची. रायगडातले ज्यू, म्हणजे ‘शनवार तेली’, कोकणी गावांची नावं आडनावात घेऊन फिरणारे, घरात मराठी बोलणारे. १९४८ नंतर ते नव्या इस्रायलला जाऊ लागले. तिथे वाळवंटी वसाहती, हलकी कामं आणि गोऱ्या ज्यूंकडून मिळणारी वागणूक पाहून काहींनी १९५१-५२ मध्ये थेट धरणं धरलं: आम्हाला मुंबईला परत न्या. १९५२ मध्ये शंभरावर माणसांना ज्यूइश एजन्सीनं खरंच विमानानं आणून सोडलं. आणि मुंबईत उतरल्यावर थोड्याच काळात त्यातल्या बहुतेकांनी पुन्हा इस्रायलला नेण्याची मागणी सुरू केली. वाचताना हसू येतं. पण माणसाचं हे असं होऊ शकतं, हे कायदा करणाऱ्यानं गृहीत धरायला हवं. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चाललं. ५ जुलै २०१७ ला तेल अवीवमध्ये पंतप्रधान मोदींनी जाहीर केलं की सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही ओसीआय मिळेल. तोवर ती सेवाच आड येत होती. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय देण्याची घोषणा मार्च २०२४ मध्ये झाली. सातव्या पिढीला कार्ड द्यायला आपण तयार आहोत आणि पहिल्या पिढीला नागरिकत्व परत द्यायला मागत बसवतो, हे मला पटत नाही.

फिलिपिन्सनं हाच प्रश्न २००३ मध्येच सोडवला. जन्मानं फिलिपिनो असलेल्या आणि नंतर दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या माणसानं निष्ठेची शपथ घेतली की मूळ नागरिकत्व परत मिळतं. तिकडचं सोडायची सक्ती नाही. त्याही देशातून आपल्यासारखीच माणसं मोठ्या संख्येनं बाहेर जातात, पैसे घरी पाठवतात. दोन पासपोर्ट नकोत, असं आपल्या सरकारचं म्हणणं असेल तर ते समजू शकतं. शेजार पाहता त्याला कारणं आहेत. पण इथे जन्मलेला माणूस दुसरा पासपोर्ट टाकून परत यायला तयार असेल, तर त्याला परका अर्जदार म्हणून बारा महिने तोलून पाहण्यात कोणती सुरक्षितता साधते?

धाकट्याच्या अर्जाचं काय होईल ते सांगता येतं. अर्ज ऑनलाइन भरून कागद बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातील. तिथून राज्याचा गृह विभाग, तिथून दिल्लीचं गृह मंत्रालय. मध्ये स्थानिक चौकशी. युसूफ वडगावला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, म्हणजे ती चौकशी त्याच्याच गावच्या ठाण्याकडे येईल. हवालदार त्याच्या घरी येऊन त्याच्याच थोरल्या भावाला विचारेल की हा इथे राहतो का, किती दिवसांपासून. भाऊ सांगेल तो आकडा महत्त्वाचा. बारा महिन्यांत सूट मिळाली तर जास्तीत जास्त ३० दिवसांची, तीही विशेष परिस्थितीत, सरकारनं मान्य केली तर. तिकडे शिकणाऱ्या लेकीला भेटायला तो दिवाळीत न्यू जर्सीला गेला आणि दीड महिना राहिला, तर मोजणी परत एकपासून.